‘विक्रम’चा कंपायलर आणि एका असाइनमेंटचा इतिहास

दिल्लीच्या नैर्ऋत्य भागात, द्वारकेतील यशोभूमी संकुलात २ सप्टेंबर २०२५ रोजी ‘सेमिकॉन इंडिया’ परिषदेचे उद्घाटन झाले. त्या प्रसंगी पंतप्रधानांच्या हाती सोपवलेल्या ‘विक्रम’ या ३२ बिटांच्या प्रोसेसरची छायाचित्रे देशभर झळकली. आराखडा इस्रोच्या तिरुवनंतपुरम येथील विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचा, घडण मोहालीच्या सेमिकंडक्टर लॅबोरेटरीची. पाठोपाठ वादही झाला. १८० नॅनोमीटरचे तंत्र जुने, त्याचे एवढे कौतुक कशाला, असे एका बाजूने म्हटले गेले. प्रक्षेपकातल्या प्रोसेसरला मोबाइलचा वेग नको असतो, कंपने आणि तापमान सोसून चोख काम करण्याची क्षमता हवी असते, असे दुसऱ्या बाजूने. दुसरी बाजू बरोबर आहे. परंतु दोन्ही बाजूंनी मोजले ते नॅनोमीटरच.

माझे लक्ष वेधले ते वेगळ्याच एका तपशिलाने. मार्च २०२५ मध्ये इस्रोने ‘विक्रम ३२०१’ची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हा तीत सांगितले होते की या प्रोसेसरचा आज्ञासंच स्वतःचा आहे, त्यावर ‘एडा’ या भाषेत कार्यक्रम लिहिता येतात, आणि एडा कंपायलर, असेंब्लर, लिंकर, सिम्युलेटर ही सर्व साधने इस्रोने स्वतःच तयार केली आहेत. सी भाषेच्या कंपायलरचे काम सुरू आहे, असेही त्यात होते. त्याच वेळी जाहीर झालेल्या ‘कल्पना ३२०१’ या दुसऱ्या प्रोसेसरची गोष्ट मात्र निराळी. त्याचा आज्ञासंच ‘स्पार्क’ या जगमान्य प्रमाणानुसार असल्यामुळे खुली, आयती साधने त्याला चालतात.

या दोन नोंदींमधला फरक समजून घेण्यासारखा आहे. प्रोसेसरला भाषा कळत नाही. त्याला ठरावीक आकड्यांच्या आज्ञा कळतात. माणसाने लिहिलेला कार्यक्रम त्या आज्ञांमध्ये उतरवणारा कार्यक्रम म्हणजे कंपायलर. आज्ञासंच जगाचा असेल तर जगाने लिहिलेला कंपायलर उसना मिळतो. आज्ञासंच आपला असेल तर कंपायलरही आपणच लिहावा लागतो, आणि तो चुकला तर चिप निर्दोष असूनही प्रक्षेपक चुकू शकतो. चिपच्या स्वावलंबनाची निम्मी जबाबदारी अशी एका अदृश्य वस्तूवर येऊन पडते.

ही वस्तू लिहू शकणारी माणसे कुठे घडतात? यशोभूमी ज्या उपनगरात उभी आहे त्याच द्वारकेत दोन विद्यापीठे आहेत. सेक्टर ३ मधील नेताजी सुभाष प्रौद्योगिकी विद्यापीठ १९८३ मध्ये दिल्ली इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या नावाने सुरू झाले आणि २०१८ मध्ये विद्यापीठ बनले. सेक्टर १६-सी मधील गुरु गोबिंद सिंह इंद्रप्रस्थ विद्यापीठ १९९८ चे. दोन्हीकडे संगणक अभियांत्रिकीच्या पदवीत ‘कंपायलर डिझाइन’ हा विषय आहे, जसा तो पुणे, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथेही आहे. या विषयाचा गाभा म्हणजे एक असाइनमेंट: कंपायलर लिहा. हे असाइनमेंट अर्ध्या वर्षाच्या सत्रात बसवणे मुळात शक्य कसे झाले, आणि ते शक्य करायला विद्यार्थ्याच्या हाती नेमके काय द्यावे लागते, याचा इतिहास कंपायलरच्या सिद्धान्ताच्या इतिहासाइतकाच महत्त्वाचा आहे, असे माझे मत आहे. तो फारसा सांगितला जात नाही.

आरंभ १९५७ चा. आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या गटाने ७०४ या यंत्रासाठी फोर्ट्रानचा पहिला कंपायलर पूर्ण केला. त्याला एकूण १८ मनुष्यवर्षे लागली, असे पाठ्यपुस्तके सांगतात. म्हणजे एका माणसाने लिहायचा ठरवला असता तर त्याची अठरा वर्षे. या गटातील लोइस हेट यांच्या वाट्याला आलेला भाग भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला विशेष भावेल. कार्यक्रमाचा कोणता तुकडा किती वेळा चालेल याचा अंदाज हवा, म्हणून कंपायलर त्या कार्यक्रमाच्या वाटांवर माँटे कार्लो पद्धतीने काल्पनिक फेऱ्या मारून बघत असे. न्यूट्रॉनांचा प्रवास मोजण्यासाठी जन्मलेली पद्धत दहाबारा वर्षांच्या आत कंपायलरच्या पोटात गेली होती.

अठरा वर्षांचे काम काही महिन्यांवर आले ते आधी व्याकरणामुळे. १९६० च्या सुमारास अल्गोल भाषेची रचना बॅकस आणि पीटर नाउर यांनी मोजक्या नियमांच्या रूपात मांडली. (१९६७ मध्ये पी. झेड. इंगरमन यांनी एका छोट्या पत्रात या नियमलेखनाला ‘पाणिनि-बॅकस रूप’ म्हणावे असे सुचवले. सूचना आदराने केलेली होती आणि साम्य खरे आहे. पण आपल्याकडे त्या पत्रावर जे इमले बांधले जातात ते पाहून वाटते की पाणिनीला या आधाराची गरज नव्हती.) १९६५ मध्ये डोनाल्ड नूथ यांनी असे व्याकरण डावीकडून उजवीकडे एकदाच वाचत उलगडण्याची रीत सिद्ध केली. १९७५ च्या सुमारास बेल लॅबमध्ये स्टीफन जॉन्सन यांचे ‘याक’ आणि माइक लेस्क व एरिक श्मिट यांचे ‘लेक्स’ ही साधने आली: नियम द्या, पार्सर घ्या. अल्फ्रेड एहो आणि जेफ्री उलमन यांचे पाठ्यपुस्तक १९७७ चे. १९८६ मध्ये आयआयटी कानपूरचे माजी विद्यार्थी रवी सेठी हे तिसरे लेखक म्हणून आले आणि लाल मुखपृष्ठावरचा ड्रॅगन जगभरच्या वसतिगृहांत पोहोचला. भारतात शिकवला जाणारा विषय आजही बहुतांशी या पुस्तकाच्या प्रकरणांच्या क्रमाने चालतो: आधी शब्द ओळखणे, मग वाक्यरचना, मग अर्थ, मग मधली भाषा, मग सुधारणा, शेवटी यंत्राच्या आज्ञा.

हा क्रम पुस्तकासाठी उत्तम आहे. असाइनमेंटसाठी तो घातक ठरू शकतो, आणि हे समजायला विद्यापीठांना बराच काळ लागला. प्रत्येक टप्पा मागच्या टप्प्यावर उभा असतो. ज्या विद्यार्थ्याचा पार्सर सहाव्या आठवड्यात पुरा झाला नाही, त्याला पुढचे काहीच करून बघता येत नाही. आणि ज्याचे सगळे नीट चालले त्यालाही शेवटच्या आठवड्यापर्यंत एकही कार्यक्रम प्रत्यक्ष चालताना दिसत नाही.

झुरिचमध्ये निक्लाउस विर्थ यांनी या अडचणीला एक उत्तर दिले होते. १९७६ च्या त्यांच्या पुस्तकात ‘पीएल/०’ या इवल्याशा भाषेचा संपूर्ण कंपायलर छापलेला होता, एका बैठकीत वाचता येईल एवढा. विद्यार्थ्याने त्यात भर घालायची: नवा प्रकार, नवे विधान, नवी क्रिया. पूर्ण वस्तू आधी हातात, मग तिची वाढ. ही कल्पना लक्षात ठेवावी. ती तीस वर्षांनी पवईत वेगळ्या रूपात भेटते.

एडा भाषेनेही या इतिहासात अनपेक्षित भर घातली. अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी घडवलेल्या या भाषेबाबत एक कडक अट होती: कंपायलर ठरावीक चाचणीसंचातून पार पडल्याखेरीज त्याला मान्यता नाही. एप्रिल १९८३ मध्ये ही परीक्षा सर्वप्रथम उत्तीर्ण झाला तो कोण्या मोठ्या कंपनीचा नव्हे, तर न्यूयॉर्क विद्यापीठाचा ‘एडा/एड’. तो इतका मंद होता की व्यवहारात वापरणे कठीणच. पण भाषेचा अर्थ त्याला अचूक कळत होता. पुढे १९९० च्या दशकात याच विद्यापीठात ‘नॅट’ हा एडा कंपायलर तयार झाला आणि तो आज जीसीसी या खुल्या कंपायलर-संग्रहाचा भाग आहे. एडाच्या बाबतीत विद्यापीठाची प्रयोगशाळा आणि अंतराळाची प्रयोगशाळा यांच्यामधली भिंत पहिल्यापासूनच पातळ होती.

एडा अंतराळात का चालते तेही सांगायला हवे. संख्या ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली तर ती गुपचूप चुकीची होत नाही. कंपायलरने पेरलेली तपासणी आरडाओरडा करते. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन-५ पहिल्याच उड्डाणात चाळीस सेकंदांच्या आत नष्ट झाले, तेव्हा ६४ बिटांची एक फ्लोटिंग पॉइंट संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात मावली नव्हती. तपासणीने आरडाओरडा केला होता. तो ऐकून सावरण्याची व्यवस्था मात्र त्या जागी ठेवलेली नव्हती, कारण गणनाचा भार कमी ठेवायचा होता. कंपायलर कोणती तपासणी कुठे पेरतो आणि तिची किंमत किती, हे ज्याने स्वतः एकदा लिहून पाहिले आहे त्याला हा अहवाल वेगळा वाचता येतो.

आता पवई. १९८३ मध्येच, मॅकमिलन इंडियाने धनंजय धामधेरे यांचे कंपायलर-रचनेवरील पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले. धामधेरे आयआयटी मुंबईत प्राध्यापक होते. त्यांचे ‘सिस्टिम्स प्रोग्रॅमिंग’वरील नंतरचे पुस्तक महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या कपाटांत आजही पाने सुटलेल्या अवस्थेत सापडते. परंतु त्यांची खरी कामगिरी संशोधनातली आहे, आणि ती थोडी उलगडून सांगितल्यावाचून या असाइनमेंटचा पुढचा भाग कळणार नाही.

समजा कार्यक्रमात एक फाटा आहे. डाव्या वाटेवर क × ख हा गुणाकार होतो, उजव्या वाटेवर होत नाही. दोन्ही वाटा पुन्हा एकत्र आल्या की लगेच क × ख पुन्हा हवा आहे. डावीकडून आलेल्याने तोच गुणाकार दोनदा केला. उजवीकडून आलेल्याने एकदाच. एकत्र आल्यानंतरचा गुणाकार म्हणजे अर्धवट अनावश्यक: एका वाटेपुरता वाया, दुसऱ्या वाटेपुरता गरजेचा. तो तसाच काढून टाकता येत नाही. उपाय असा की उजव्या वाटेवरही क × ख करून उत्तर बाजूला ठेवायचे. मग संगमानंतरचा गुणाकार उडवता येतो. डावीकडच्याचा एक गुणाकार वाचला, उजवीकडच्याचे काही गेले नाही. फेऱ्या मारणाऱ्या लूपमधून न बदलणारे गणित बाहेर काढणे हेही याच युक्तीचे एक विशेष रूप आहे.

१९७९ मध्ये एतिएन मोरेल आणि क्लोद रेनव्हॉइझ या फ्रेंच संशोधकांनी ही कल्पना समीकरणांत बसवली. कार्यक्रमाच्या प्रत्येक तुकड्यासाठी काही हो-नाही प्रश्न: हे गणित इथवर आधीच झालेले आहे का? पुढे ते लागणारच आहे का? एका तुकड्याचे उत्तर शेजाऱ्यांच्या उत्तरांवर अवलंबून, शेजाऱ्यांचे त्यांच्या शेजाऱ्यांवर. म्हणून सर्व उत्तरे एका गृहीतापासून सुरू करून पुन्हा पुन्हा सुधारत जायची, बदल थांबेपर्यंत. अणूतील इलेक्ट्रॉनांचे क्षेत्र काढताना हार्ट्री यांच्या पद्धतीत आपण हेच करतो: क्षेत्र धरा, इलेक्ट्रॉन बसवा, त्यांच्यावरून नवे क्षेत्र काढा, दोन्ही जुळेपर्यंत थांबू नका. भौतिकशास्त्रात मात्र जुळणी होईलच याची खात्री नसते. इथे उत्तरे एकाच दिशेने बदलतात आणि त्यांची संख्या मर्यादित असते, म्हणून थांबणे अटळ आहे.

मोरेल-रेनव्हॉइझ पद्धतीत दोन उणिवा होत्या. नवे गणित ठेवण्यासाठी काही वेळा योग्य जागा एखाद्या तुकड्यात नसतेच. ती दोन तुकड्यांना जोडणाऱ्या वाटेवर असते. उजवीकडच्या वाटेवर काहीच विधान नसेल तर गुणाकार ठेवायचा कुठे? धामधेरे यांनी १९८८ च्या आणि १९९१ च्या निबंधांत वाटेवरच नवा तुकडा निर्माण करून तिथे गणित ठेवण्याची रीत व्यवस्थित मांडली. दुसरी उणीव अधिक खोल. या समीकरणांत माहिती मागून पुढे आणि पुढून मागे अशी दोन्ही दिशांनी एकदमच वाहते. ती किती फेऱ्यांत स्थिरावेल हे नीट सांगता येत नव्हते. १९९४ मध्ये उदय खेडकर आणि धामधेरे यांनी एका सिद्धान्तात दोन्ही दिशांच्या प्रवाहांचा एकत्र हिशेब मांडला. जर्मनीत नूप, र्‍युथिंग आणि श्टेफेन यांनी १९९२ मध्ये तोच प्रश्न एकदिश पायऱ्यांत फोडून दाखवला होता, आणि व्यवहारात त्यांच्या रीतीचा प्रसार अधिक झाला. तरी या विषयाच्या जागतिक इतिहासात पवईचे नाव पक्के आहे.

खेडकर यांचा प्रवास मराठी वाचकाला जवळचा. एम.टेक. पुणे विद्यापीठाचे, पीएच.डी. आयआयटी मुंबईची, १९९४ ते २००१ या काळात त्यांनी पुणे विद्यापीठात संगणकशास्त्र शिकवले आणि मग ते पवईला गेले. तिथे त्यांनी, अमिताभ सन्याल यांनी आणि सहकाऱ्यांनी एक प्रश्न हाती घेतला जो संशोधनाचा कमी आणि शिकवण्याचा अधिक होता. वर्गातला कंपायलर आणि जगातला कंपायलर यांत दरी आहे. वर्गात विद्यार्थी दोनतीन हजार ओळींचे खेळणे लिहितो. जीसीसी कित्येक लाख ओळींचा, दशकानुदशके शेकडो हातांनी वाढवलेला. पहिल्यातून दुसऱ्यात उडी मारता येत नाही. आणि ज्या देशाला नव्या प्रोसेसरसाठी कंपायलर हवा आहे त्याला खेळणे पुरत नाही; जीसीसीला नवा प्रोसेसर शिकवता येणारी माणसे लागतात.

२००७ च्या सुमारास केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने आयआयटी मुंबईत ‘जीसीसी रिसोर्स सेंटर’ सुरू झाले. त्याने जे केले ते दिसायला साधे आहे. जीसीसीला एखाद्या प्रोसेसरची ओळख करून देण्यासाठी त्याचे सविस्तर वर्णन लिहावे लागते: कोणत्या आज्ञा, कोणती रजिस्टर, कोणते विधान कोणत्या आज्ञेत उतरते. प्रत्यक्षातील वर्णने हजारो ओळींची असतात आणि त्यांतला अनिवार्य भाग कोणता, हौसेचा कोणता, हे वाचून कळत नाही. पवईच्या गटाने ‘स्पिम’ या मिप्स प्रोसेसरच्या शैक्षणिक सिम्युलेटरसाठी हे वर्णन पायऱ्यांमध्ये लिहिले. तळाच्या पायरीवर पूर्णांकांच्या साध्या नेमणुका, तेवढ्याच, त्यापुढे अंकगणित, मग फंक्शनला हाक, मग अटी आणि उड्या. प्रत्येक पायरीवरचा जीसीसी पुरा, चालणारा. त्याला ठाऊक असलेली भाषा तेवढी तोकडी. तळाच्या पायरीवरचे वर्णन म्हणजे त्याहून कमी लिहिले तर जीसीसी उभाच राहणार नाही असे किमान. ते किमान शोधून काढणे हेच काम होते, आणि ते पुस्तकात कुठे लिहिलेले नव्हते.

या साहित्यावर कार्यशाळा झाल्या. तिथे बाहेरचे विद्यार्थी, शिक्षक आणि उद्योगातील अभियंते येत, व्याख्यानानंतर लगेच प्रयोगशाळेत बसत. २००९ मध्ये खेडकर, सन्याल आणि बागेश्री साठे यांचे डेटा फ्लो विश्लेषणावरचे पुस्तक आले. त्यासोबत जीसीसीमध्ये बसणारे एक साधन होते: विद्यार्थ्याने वर सांगितलेली हो-नाही समीकरणे तेवढी लिहून द्यायची, ती सोडवण्याची यंत्रणा साधनातच तयार. म्हणजे १९७९ ते १९९४ च्या दरम्यान ज्या समीकरणांवर निबंध लिहिले गेले ती एखाद्या दुपारच्या प्रात्यक्षिकात खऱ्या कंपायलरमध्ये चालवून बघता येत होती.

याच सुमारास जगात इतरत्रही शिक्षक त्याच निष्कर्षाकडे येत होते. अॅलेक्स एकन यांनी बर्कलीमध्ये ‘कूल’ ही केवळ वर्गासाठीची भाषा रचली आणि १९९६ मध्ये तिची माहिती प्रसिद्ध केली. या भाषेत कार्यक्रम कमी आणि तिचे कंपायलर जास्त लिहिले गेले असावेत, असा विनोद ते स्वतः करतात. कूलचे महत्त्व भाषेत नाही, सोबतच्या सामानात आहे. टप्पे एकमेकांपासून सुटे. प्रत्येक टप्प्याचा शिक्षकांनी लिहिलेला संदर्भ-नमुना उपलब्ध. तुमचा शब्दविश्लेषक फसला? हरकत नाही, शिक्षकांचा जोडा आणि तुमचा पार्सर तपासून घ्या. एका आठवड्याचे अपयश सत्रभर पाठीशी लागत नाही. विशेष म्हणजे याच एकन यांनी १९९४ मध्ये ‘मॉस’ हे नक्कल शोधणारे साधनही बनवले. चांगले असाइनमेंट दिले की ते उतरवून घेण्याची सोय आपोआप होते, हे त्यांना वेळीच उमगले होते.

दहा वर्षांनी, २००६ मध्ये, इंडियाना विद्यापीठातील अब्दुलअझीझ घुलूम यांनी प्रकरणांचा क्रमच मोडला. त्यांच्या निबंधात कंपायलर २४ छोट्या पायऱ्यांत वाढतो. पहिल्या पायरीवर तो फक्त एक पूर्णांक परत करतो. पण तो कंपायलर आहे: मजकूर आत जातो, यंत्राच्या आज्ञा बाहेर येतात, आणि त्या आज्ञा चालतात. विर्थ यांची पूर्ण वस्तू, घुलूम यांच्या चोवीस पायऱ्या, पवईच्या स्पिमच्या पातळ्या. तिघांनी एकमेकांचे अनुकरण केले असे मी म्हणत नाही. अडचण एक होती आणि तिने उत्तराचा आकार ठरवला.

हे सारे आपल्या सर्वसाधारण महाविद्यालयापर्यंत कितपत पोहोचले? महाराष्ट्रात ज्याला जर्नल म्हणतात आणि दिल्लीत प्रॅक्टिकल फाइल, ती उघडून पाहावी. सी कार्यक्रमातील कीवर्ड मोजा. लेक्स वापरून स्वर आणि व्यंजने मोजा. दिलेल्या व्याकरणाचे फर्स्ट आणि फॉलो संच काढा. डावी पुनरुक्ती घालवा. तीन पत्त्यांचा कोड लिहा. आठदहा प्रात्यक्षिके, प्रत्येक पन्नास ओळींचे, आणि कोणतेही एक दुसऱ्याला जोडलेले नाही. सत्राच्या अखेरीस विद्यार्थ्याकडे कंपायलरचे सगळे अवयव असतात, फक्त कंपायलर नसतो. आणि हीच प्रात्यक्षिके वर्षानुवर्षे त्याच क्रमाने येत असल्यामुळे ती मागच्या तुकडीकडून जशीच्या तशी मिळतात. तोंडी परीक्षेत ‘एलआर आणि एलएलमध्ये फरक सांगा’ एवढे विचारले की काम होते.

याचा दोष शिक्षकांच्या आळसावर टाकणे सोपे आहे आणि बहुतेक वेळा अन्यायाचे. हिशेब करून पाहू. साठ विद्यार्थ्यांचा वर्ग, प्रत्येकाचा दोन हजार ओळींचा कंपायलर. तो तपासायचा म्हणजे शेकडो छोटे चाचणी-कार्यक्रम लिहायचे, ते आपोआप चालवण्याची व्यवस्था उभी करायची, चुकलेल्यांसोबत बसून चूक कुठे ते शोधायचे. आयआयटीत या कामाला एम.टेक.चे विद्यार्थी असतात. त्यांच्या विद्यावेतनाच्या मोबदल्यात आठवड्याला ८ तास अध्यापन-साहाय्य करणे ही अटच असते. संलग्न महाविद्यालयात, जिथे पदव्युत्तर वर्ग नाही, तिथे हे आठ तास देणारा कोणी नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ मध्ये पदवी वर्गांसाठी शिक्षक-विद्यार्थी प्रमाण १:१५ वरून १:२० केले. त्या वीसांमध्ये तपासनीस, प्रयोगशाळेतला मदतनीस आणि चाचण्या लिहिणारा हे सगळे एकच शिक्षक. अशा वेळी पन्नास ओळींची सुटी प्रात्यक्षिके देणे हा त्याच्यापुढचा तर्कशुद्ध पर्याय ठरतो.

व्याख्यानांची उणीव मात्र राहिलेली नाही, हे नोंदवले पाहिजे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे वाय. एन. श्रीकांत यांची कंपायलरवरील व्याख्याने एनपीटेलवर कोणालाही मोफत उपलब्ध आहेत. त्याच संस्थेतील प्रीती शंकर यांनी श्रीकांत यांच्यासह संपादित केलेला कंपायलर-हस्तग्रंथ २००२ मध्ये निघाला. १९६८ मध्ये आयआयटी दिल्लीतून बी.टेक. झालेल्या त्या पहिल्या महिला होत्या, हे द्वारकेच्या विद्यार्थिनींना ठाऊक असावे. आपल्याकडे उत्तम व्याख्यान दूरवर पोहोचले. उत्तम असाइनमेंट पोहोचले नाही. व्याख्यान ध्वनिमुद्रित करून ठेवता येते. असाइनमेंटमागचे साहाय्य दर सत्राला नव्याने माणसाने द्यावे लागते, आणि त्यासाठी अंदाजपत्रकात वेगळी ओळ नसते.

आता कोणी विचारेल, एवढे कशासाठी? आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ हे प्रोसेसर ‘रिस्क-फाइव्ह’ या खुल्या आज्ञासंचावर आहेत. त्यासाठी जीसीसी आणि एलएलव्हीएम तयार आहेत. खरे आहे. पण एलएलव्हीएमचाच इतिहास पाहावा. २००० मध्ये इलिनॉय विद्यापीठात क्रिस लॅटनर या विद्यार्थ्याने विक्रम अडवे या प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली तो सुरू केला. अडवे आयआयटी मुंबईचे पदवीधर (नावाचा योगायोग सोडून द्या). जगातील मोठ्या कंपन्या आज ज्या पायावर उभ्या आहेत तो एका विद्यार्थ्याच्या प्रबंधातून निघाला. शिवाय आयता कंपायलर नव्या चिपवर फक्त चालतो; चांगला चालण्यासाठी त्या चिपच्या स्वभावाप्रमाणे त्याला बदलावे लागते, आणि ते बदलणाराला आतले ठाऊक हवे. आमच्यासारख्या गणन करणाऱ्यांनाही ते हवे. फ्लोटिंग पॉइंटमध्ये (क + ख) + ग आणि क + (ख + ग) नेहमी समान नसतात. वेगासाठी कंपायलरला बेरजांचा क्रम बदलण्याची मोकळीक दिली की उत्तराचे शेवटचे अंक बदलतात, आणि दीर्घ गणनेत ते अंक पुढे सरकतात. आपल्या संख्येत हा बदल भौतिकीचा की कंपायलरचा, हे ओळखायला कंपायलर एकदा आतून पाहिलेला असावा लागतो.

भाषा-प्रतिमानांचा प्रश्नही आता आहेच. कूलचा कंपायलर यंत्राकडून लिहून घेणे आज कठीण नाही. त्यामुळे लिहिलेल्या कोडला गुण देण्याची पद्धत डळमळीत झाली आहे. पायऱ्यांची पद्धत मात्र नाही. पाचव्या पायरीवरचा कंपायलर समोर ठेवून, ‘यात आता फंक्शनची हाक घाल, इथे, माझ्यासमोर’ असे म्हणता येते. अर्थात त्यासाठी समोर बसायला कोणीतरी हवे, म्हणजे पुन्हा ते आठवड्याचे आठ तास.

ते कुठून आणायचे याबद्दल माझी एक सूचना आहे. चिप-आराखड्याच्या साधनांसाठी, परवान्यांसाठी, चाचणी-घडणीसाठी केंद्राच्या योजना महाविद्यालयांपर्यंत पोहोचू लागल्या आहेत. त्याच धर्तीवर एक सामायिक संच हवा: रिस्क-फाइव्हसाठी पायऱ्यांत मांडलेला छोटा कंपायलर, प्रत्येक पायरीचा संदर्भ-नमुना, दर वर्षी बदलणारा चाचणीसंच, आणि तो चालवणारी तपासणी-व्यवस्था. एकदा एका ठिकाणी लिहायचा, शंभर महाविद्यालयांनी वापरायचा. सिम्युलेटर मोफत उपलब्ध आहेत, आज्ञासंचाची पुस्तिका खुली आहे, आणि किमान कसे शोधायचे याचा धडा पवईने घालून दिला आहे. सोबत, अशा दोनतीन महाविद्यालयांमागे एक असा पूर्णवेळ अध्यापन-साहाय्यकांचा गट, ज्याचे काम फक्त प्रयोगशाळेत बसणे असेल. पहिल्या आठवड्याचे असाइनमेंट एका ओळीचे: ४२ ही संख्या परत करणारा कार्यक्रम तुमच्या कंपायलरने रिस्क-फाइव्हच्या आज्ञांत उतरवावा, आणि सिम्युलेटरने ४२ दाखवावे. दुसऱ्या आठवड्यात त्यात एक बेरीज घालायची.